सुजेवर हात फिरवण्याआधी

बेल्जियममधल्या लुव्हेनच्या विद्यापीठ रुग्णालयात १६० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. या सगळ्यांच्या काखेतल्या लसिका ग्रंथी स्तनाच्या कर्करोगामुळे काढाव्या लागल्या होत्या, आणि अशा ऑपरेशननंतर हात सुजण्याचा धोका असतो. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले गेले. काळजी कशी घ्यायची याची माहिती आणि व्यायाम दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला त्यावर आणखी काही महिने प्रशिक्षित थेरपिस्टकडून लसिका-निचऱ्याचा मसाज मिळाला. बाजारात ज्याला ‘लिम्फॅटिक ड्रेनेज’ म्हणतात, तोच हा. वर्षभराने मोजमाप केलं तेव्हा मसाज घेतलेल्या गटात २४ टक्के रुग्णांचे हात सुजलेले होते आणि न घेतलेल्या गटात १९ टक्के. हा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकेल इतका लहान आहे. त्यामुळे मसाजाने नुकसान झालं असं कोणी म्हणणार नाही. सूज टळली असंही मात्र म्हणता येत नाही.

याच नियतकालिकात वर्षभर आधी स्पेनमधला एक अभ्यास आला होता आणि त्याचा सूर अगदी उलटा होता. माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेस इथे १२० स्त्रियांवर तो झाला. लवकर सुरू केलेली फिजिओथेरपी मिळालेल्या गटात वर्षभरात ७ टक्के स्त्रियांना हाताची सूज आली, तर फक्त माहिती मिळालेल्या गटात २५ टक्के. मसाजाच्या बाजूने बोलणारे या आकड्यांचा हमखास दाखला देतात. पण त्या फिजिओथेरपीत काय काय होतं ते पाहावं लागतं. लसिका-निचऱ्याच्या मसाजाबरोबर त्यात जखमेच्या व्रणाचा मसाज होता, खांद्याचे हळूहळू वाढवत नेलेले व्यायाम होते आणि काळजी घेण्याचं शिक्षणही होतं. दुसऱ्या गटाला व्यायाम मिळालेच नव्हते. बेल्जियममध्ये व्यायाम दोन्हीकडे होते आणि फरक फक्त मसाजाचा होता. तिथे फायदा दिसला नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की श्रेय मसाजावरून हटून व्यायामाकडे वळतं. दोन देशांतल्या दोन अभ्यासांवरून काढलेला हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे, हे मान्य. पण नंतर आलेला पुरावाही त्याच दिशेने जातो, आणि या लेखाचं म्हणणं त्यावरच उभं आहे: ऑपरेशननंतरच्या सुजेत हा मसाज मदतनीसाचं काम करू शकतो, मुख्य उपचाराचं नाही. त्याला मुख्य उपचार समजून त्यावर पैसा, वेळ आणि आशा लावली, तर खरे उपचार मागे पडतात.

हे समजायला शरीरातला निचरा कसा चालतो ते पाहावं लागेल. केशवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तातलं पाणी आणि थोडी प्रथिनं सतत ऊतींत पाझरत असतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत असं असे की केशवाहिनीच्या एका टोकाला पाझरलेलं बहुतेक पाणी दुसऱ्या टोकाला परत रक्तात ओढलं जातं आणि उरलंसुरलं तेवढं लसिकावाहिन्या उचलतात. लेव्हिक आणि मिशेल या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी २०१० साली या समजुतीची फेरमांडणी केली. बहुतेक ऊतींत पाझरलेलं पाणी रक्तात परत येतं ते जवळजवळ सगळं लसिकावाहिन्यांच्याच मार्गाने, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे दिवसाला कित्येक लिटरचं काम. या जाळ्याला हृदयासारखा एक मध्यवर्ती पंप नाही. मोठ्या लसिकावाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि त्या स्वतःच मिनिटाला अनेकदा आकुंचन पावतात. आत झडपा असल्यामुळे हा द्रव, म्हणजेच लसिका, मागे फिरत नाही. बाकीचा रेटा मिळतो आजूबाजूच्या स्नायूंच्या हालचालीतून आणि श्वासोच्छ्वासातून. दीर्घ श्वास घेतला की छातीतल्या मुख्य लसिकानलिकेतला प्रवाहही पुढे सरकतो. ही व्यवस्था युरोपीय वैद्यकाच्या नजरेला बरीच उशिरा पडली. इटलीत गास्पारो असेली याने १६२२ साली नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्यांवर दुधासारख्या पांढऱ्या रेषा पाहिल्या, तिथून तिचा शोध सुरू झाला.

ऑपरेशनमध्ये या जाळ्याला दोन प्रकारे धक्का बसतो, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा विचार चुकतो. पहिला प्रकार तात्पुरता. गुडघा बदलला, पोटाचं ऑपरेशन झालं, सिझेरियन झालं, की कापलेल्या जागी दाह होतो, केशवाहिन्या जास्त पाझरतात, सलाइनचं पाणी अंगात साठतं, माणूस पडून राहतो. सूज येते आणि दिवसां-आठवड्यांत आपोआप उतरते, कारण निचऱ्याची मूळ व्यवस्था शाबूत असते. दुसऱ्या प्रकारात व्यवस्थाच कापली जाते. कर्करोग पसरला आहे का हे पाहायला किंवा पसरलेला काढायला काखेतल्या अथवा जांघेतल्या ग्रंथी काढतात, त्यावर रेडिएशनही देतात. मग हाताचा किंवा पायाचा मुख्य निचरामार्ग अरुंद होतो. सूज महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. प्रथिनं साठून राहिल्यामुळे हळूहळू त्वचा जाड आणि टणक होते, चरबी वाढते, वारंवार जंतुसंसर्ग होतो. या दीर्घकालीन सुजेला डॉक्टर लिम्फेडेमा म्हणतात. मसाजाचा खरा इतिहास या दुसऱ्या प्रकाराशी जोडलेला आहे. जाहिराती मात्र बहुतेक पहिल्याच्या असतात.

तो इतिहास थोडक्यात असा. अलेक्झांडर फॉन विनिवार्टर या शल्यचिकित्सकाने १८९२ साली हत्तीपायासारख्या सुजेसाठी मसाज, अवयव उंच ठेवणं आणि पट्टी बांधणं यांचा एकत्र उपचार लिहून ठेवला. १९३० च्या दशकात डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान इथे काम करत. जुन्या सर्दीने गळ्यातल्या गाठी सुजलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. त्या गाठींभोवती हलक्या, वर्तुळाकार हातांनी मसाज करण्याची पद्धत या जोडप्याने बसवली आणि १९३६ साली पॅरिसमधल्या आरोग्य आणि सौंदर्याच्या एका प्रदर्शनात मांडली. म्हणजे या उपचाराच्या जन्मापासूनच त्याचा एक पाय दवाखान्यात आणि दुसरा सौंदर्यालयात आहे. पुढे जर्मनीत मिखाएल आणि एथेल फ्योल्डी या डॉक्टर दांपत्याने त्याला वैद्यकीय शिस्त दिली. मसाज, अनेक थरांची दाबपट्टी, पट्टी बांधूनच करायचे व्यायाम आणि त्वचेची निगा, अशी चार अंगं त्यांनी एका उपचारात बांधली. जगभर लिम्फेडेमाचा प्रमाण उपचार आज हाच आहे. एकट्या मसाजाला त्यांनीही पुरेसं मानलं नव्हतं.

हा मसाज आपल्या ओळखीच्या मालिशपेक्षा अगदी वेगळा असतो. त्वचेखालच्या सूक्ष्म लसिकावाहिन्या आजूबाजूच्या ऊतींना बारीक तंतूंनी बांधलेल्या असतात. त्वचा हलकेच ताणली की तंतू ओढले जातात आणि वाहिनीचं तोंड उघडतं. म्हणून हात जेमतेम त्वचा सरकेल इतकाच दाब देतो, सहसा तेलही लावत नाहीत. सुरुवात सुजलेल्या जागेपासून होत नाही. आधी मान, दुसऱ्या बाजूची काख, पोट असे निरोगी भाग मोकळे करतात आणि मग सुजेकडे येतात. स्नायू रगडणं, ठोकणं, ‘गाठी फोडणं’ यातलं काहीही त्यात बसत नाही. तासभर रगडून अंग लाल करणारा माणूस स्वतःच्या कामाला लिम्फॅटिक ड्रेनेज म्हणत असेल, तर तो काहीतरी भलतंच विकतो आहे.

मग लिम्फेडेमा झाल्यावर तरी हा मसाज किती उपयोगी पडतो? कॉक्रेन या संस्थेचे आढावे उपलब्ध चाचण्या कसोशीने तपासतात. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या हाताच्या सुजेवर २०१५ साली आलेल्या आढाव्यात सहा चाचण्या आणि दोनशेच्या आसपास स्त्रिया होत्या. पट्टी व्यवस्थित बांधली तर सूज जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. तिच्या जोडीला मसाज दिला तर आणखी थोडी, सात टक्क्यांच्या आसपास, घट होऊ शकते, आणि तीही मुख्यतः सौम्य ते मध्यम सूज असलेल्यांत. मसाज सुरक्षित आहे, असंही त्यात म्हटलं आहे. त्यानंतर बेल्जियममध्येच १९४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२२ साली आले. इथे रुग्णांचे तीन गट होते. एकाला पारंपरिक मसाज मिळाला. दुसऱ्याला लसिकावाहिन्या प्रत्यक्ष चित्रात पाहून नेमक्या त्यांच्यावरून केलेला मसाज मिळाला. तिसऱ्याला नुसता वरवरचा, परिणाम न करणारा दिखाऊ मसाज. दाबपट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा तिघांनाही मिळाली. सूज तिन्ही गटांत उतरली आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मसाज घेणाऱ्याला आपण खरा घेतोय की खोटा हे कळतंच, मग चाचणीला अर्थ काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला या चाचणीने बरंचसं उत्तर दिलं आहे.

मसाजाच्या बाजूचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद वेगळा आहे. इंडोसायनीन ग्रीन नावाचा रंग त्वचेत टोचून खास कॅमेऱ्याने पाहिलं, तर लसिका वाहताना प्रत्यक्ष दिसते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या संशोधकांनी या तंत्राने दाखवलं की मसाजानंतर लसिकेचा वेग खरोखर वाढतो, सुजलेल्या हातात आणि निरोगी हातातही. हे मी खरं मानतो. पण थोडा वेळ प्रवाह वाढणं वेगळं आणि वर्षभराने हात सडपातळ राहणं वेगळं. मसाजाने हललेला द्रव जिथून निघाला तिथे परत येऊ नये, यासाठी बाहेरून दाब लागतो. तो दाब पट्टी किंवा स्लीव्ह, म्हणजे हातात घालायची घट्ट बाही, दिवसभर देते, थेरपिस्टचा हात तासभरच. पट्टी न बांधता मसाज करून घेणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

गुडघ्याच्या ऑपरेशनचंही असंच आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे ५० बदललेल्या गुडघ्यांवर, ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत हा मसाज करून पाहिला. गुडघा वाकवण्याची क्षमता थोडी सुधारली, सूज मात्र विशेष उतरली नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ६० रुग्णांच्या चाचणीत सूज किंवा चालणं यांवर परिणाम दिसला नाही. मसाज झाल्या झाल्या दुखणं कमी वाटलं आणि तीन महिन्यांनी गुडघा पूर्ण सरळ होण्यात थोडा फायदा आढळला, इतकंच. दुखणं कमी वाटणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. ऑपरेशननंतर घाबरलेल्या माणसाला कोणी शांतपणे, मायेने हात लावला तर बरं वाटतंच, आणि त्यासाठी कोणी मसाज घेतला तर त्याला हसण्याचं कारण नाही. पण तेव्हा आपण दिलासा घेतो आहोत, निचरा नाही, हे स्वतःशी स्पष्ट असावं.

लायपोसक्शन किंवा पोट आवळण्याच्या ऑपरेशननंतर ‘दहा सेशनचं पॅकेज’ विकलं जातं, तिथे पुरावा सगळ्यात तुटपुंजा आहे. बहुतेक अभ्यास लहान, तुलनेला दुसरा गटही नसलेले. तात्पुरती सूज आठवड्यागणिक आपोआप उतरत असते. त्याच आठवड्यांत मसाज चालू असेल तर श्रेय मसाजाला जातं. ‘मला तर फरक पडला’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. मसाज घेतला नसता तर काय झालं असतं, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. आणि ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात’ ही भाषा तर सोडूनच द्यावी. लसिका गळ्याखालच्या शिरेत, म्हणजे परत रक्तातच, रिकामी होते. रक्त शुद्ध करणं यकृताचं आणि मूत्रपिंडांचं काम आहे. काही ठिकाणी टाक्यांच्या फटीतून द्रव दाबून बाहेर काढतात आणि त्यालाही मसाज म्हणतात. ते थेट जंतुसंसर्गाला आमंत्रण आहे. जखमेखाली पाणी साठलं असेल तर ते निर्जंतुक सुईने डॉक्टरांनीच काढायचं असतं.

इथे हमखास प्रश्न येतो: फायदा कमी असेल, पण तोटा तर नाही ना? योग्य रुग्णाला, प्रशिक्षित हातांनी केला तर जवळजवळ नाही. पण सूज कशाची आहे हे न पाहता कोणीही हात लावला, तर आहे. मोठ्या ऑपरेशननंतर पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. तीही सूज म्हणूनच दिसते, बहुधा एकाच पायात, दुखऱ्या पोटरीसह. आपल्याकडे आजारी माणसाचे पाय चेपून देणं ही सेवा समजली जाते आणि नातलग ती मनापासून करतात. अशा पोटरीवर दाब पडून गुठळी सुटली आणि फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. हात किंवा पाय लाल, गरम आणि तापासह सुजला असेल, तर तो त्वचेखालचा जंतुसंसर्ग असतो. तिथे आधी प्रतिजैविकं हवीत, मसाज थांबवायचा. हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत असल्याने आलेल्या सुजेत लसिका रेटून रक्तात ढकलली तर आधीच थकलेल्या हृदयावर भार वाढतो. म्हणून पहिला प्रश्न ‘मसाज कुठे मिळेल’ हा नसून ‘ही सूज कसली आहे’ हा असतो, आणि त्याचं उत्तर स्पामध्ये मिळत नाही.

दुसरा तोटा कमी दिसतो, पण माझ्या मते तोच मोठा आहे. ज्यात कष्ट नाहीत तो उपचार माणसाला आवडतो. पडून राहायचं, कोणीतरी हात फिरवायचा, हे मुंबईच्या मे महिन्यातल्या उकाड्यात मनगटापासून काखेपर्यंत घट्ट स्लीव्ह घालून वावरण्यापेक्षा कितीतरी सुखाचं आहे. घाम, खाज, पुन्हा पुन्हा धुणं, वर नव्या स्लीव्हचा खर्च. यामुळे बायका स्लीव्ह कपाटात ठेवतात आणि मसाजाच्या वेळा मात्र पाळतात. थेरपिस्टही मोठ्या शहरांपलीकडे फारसे मिळत नाहीत. जळगाव किंवा नांदेडच्या बाईने आठवड्यातून तीनदा पुण्या-मुंबईला यायचं म्हटलं तर तिचा पैसा आणि शक्ती प्रवासातच संपेल. त्यापेक्षा एकदा नीट शिकून घेतलेली पट्टी आणि घरी करायचे व्यायाम तिला जास्त देतील. तिथे जवळ चांगला फिजिओथेरपिस्ट असेल आणि सूज सौम्य असेल, तर पट्टीच्या जोडीला मसाजही जरूर घ्यावा. क्रम मात्र उलटा होऊ नये.

उपचाराच्या चार अंगांपैकी त्वचेच्या निगेचं महत्त्व महाराष्ट्राला नवं नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग वर्षानुवर्षं आहे. कारण वेगळं, डासांतून जाणारा कृमी, पण शेवट तोच: लसिकेचा मार्ग बंद. जागतिक आरोग्य संघटना तिथे जो उपाय सांगते तो अगदी साधा आहे. साबणपाण्याने रोज पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चिरांवर औषध लावा, पाय उंच ठेवा, हलवा, चप्पल घाला. एवढ्याने ताप आणि लालीचे झटके कमी होतात, आणि प्रत्येक झटका सूज एक पायरी वाढवत असल्यामुळे सूजही रोखली जाते. काखेच्या ऑपरेशननंतरच्या हातालाही हेच लागू आहे. भाजी चिरताना बोट कापलं, नखाशेजारी पिकलं, तर दुर्लक्ष करू नये.

व्यायामाबद्दलची भीतीही जुनी झाली आहे. ‘त्या हाताने काही उचलू नको’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरिन श्मिट्झ यांनी लिम्फेडेमा असलेल्या १४१ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, २००९ साली, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट सूज अचानक भडकण्याचे प्रसंग त्यांच्यात १४ टक्के, तर न करणाऱ्यांत २९ टक्के होते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने २०१६ साली दाखवलं की त्या हाताचा रक्तदाब मोजणं, रक्त काढणं किंवा विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध आढळत नाही. संबंध आढळतो तो जास्त वजनाशी, काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढण्याशी, तिथल्या रेडिएशनशी आणि त्वचेच्या जंतुसंसर्गाशी. यातली सगळ्यात मोठी गोष्ट तर ऑपरेशनच्या टेबलावरच ठरते. काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढल्या तर पाचातल्या एकीचा हात सुजतो, पहारेकरी ग्रंथी (कर्करोग काखेत पसरताना आधी ज्यांत पोचतो त्या) तपासून गरजेपुरत्याच काढल्या तर विसातल्या एकीचा किंवा थोड्या जास्त जणींचा. त्या तपासणीला लागणारी साधनं सगळीकडे परवडत नाहीत म्हणून टाटा मेमोरियलच्या सर्जनांनी काखेच्या खालच्या भागातल्या ग्रंथींचा नमुना घेण्याची पद्धत अभ्यासली, ती याच कारणाने मोलाची आहे.

ज्यांचं असं ऑपरेशन ठरलं आहे त्यांनी सर्जनला दोन गोष्टी विचाराव्यात: माझ्या बाबतीत सगळ्या ग्रंथी काढायची गरज आहे का, आणि ऑपरेशनच्या आधी माझ्या दोन्ही हातांची मापं कोण घेईल? साधी शिंप्याची टेप पुरते. मनगटापासून ठरावीक अंतरांवर घेर मोजायचा, तारखेसह लिहून ठेवायचा आणि ऑपरेशननंतर पहिली दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मोजायचा. दोन हातांत पूर्वी नसलेला दोन सेंटिमीटरचा फरक दिसला, किंवा त्याआधीच अंगठी, बांगडी, ब्लाउजची बाही घट्ट वाटू लागली, तर त्याच आठवड्यात लिम्फेडेमाचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. आणि पहिल्या भेटीत मसाजाचं नव्हे, स्लीव्हचं माप द्या.